पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंचलित हायड्रोपोनिक बाग: पहिली बारा रोपं

मातीशिवाय, पाण्यात विरघळलेल्या खतावर पालेभाजी वाढवणं अवघड नाही. अवघड जातं ते चार दिवस गावाला गेल्यावर तिला जिवंत ठेवणं, आणि ऑटोमेशन हवं असतं ते त्यासाठी. नवखी मंडळी मात्र बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा) मोजून आपोआप ॲसिड सोडणारा पंप बसवतात, मोबाइलवर आलेख आणतात, आणि दिवे हाताने चालू-बंद करत राहतात. मग एके रात्री पीएचचा प्रोब चुकीचा आकडा दाखवतो, पंप त्यावर विश्वास ठेवतो आणि सकाळी सगळी मुळं भाजलेली असतात.

इथला क्रम वेगळा आहे. आधी उजेड, मग हवा, मग पाण्याची पातळी, त्यानंतर मोबाइलवर येणारी सूचना. खत आणि पीएच किमान दोन पिकं हातात येईपर्यंत हातानेच. प्रत्येक भाग बसवताना एकच गोष्ट विचारायची: हा बंद पडला किंवा अडकला, तर काय होईल?

कोणती पद्धत

पीव्हीसी पाइपांच्या उभ्या मांडण्या दिसायला देखण्या असतात. त्यात मुळांजवळून पाण्याचा पातळ प्रवाह सतत वाहतो. वीज गेली की प्रवाह थांबतो आणि उन्हाळ्यात काही तासांतच रोपं मान टाकतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं पुण्याला नवीन नाही, त्यामुळे पहिल्या बागेसाठी ही पद्धत नको. त्यापेक्षा मुळं थेट खतपाण्याच्या टाकीत सोडायची आणि त्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडत राहायचं. याला डीप वॉटर कल्चर म्हणतात. सत्तर लिटर पाणी असलं की तापमान, पीएच, खताचं प्रमाण काहीच झटक्यात बदलत नाही, चूक सुधारायला वेळ मिळतो.

जागा आणि वजन

चार फूट लांब, दीड फूट रुंद जागा पुरते. हॉलचा कोपरा किंवा ड्राय बाल्कनी चालेल, पण ड्राय बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर विजेची जोडणी आतल्या भिंतीवरच ठेवा. भरलेले दोन क्रेट आणि वरचा कॅन मिळून नव्वद किलोंच्या पुढे जातात. म्हणून लोखंडी अँगलच्या रॅकमध्ये क्रेट सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचे, फळी वाकत असेल तर खाली विटांचा आधार द्यायचा. दिवे वरच्या फळीला टांगायचे.

सामान

बंद बाजूंचे, भोकं नसलेले ६० × ४० × २२ सेंमीचे दोन प्लास्टिक क्रेट. शेजारी शेजारी ठेवले की बरोबर चार फूट होतात आणि चार फुटी एलईडी बॅटन त्यावर नीट बसते. झाकणासाठी ५ मिमी जाडीचा सनबोर्ड, शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. दोन इंची नेटपॉट (रोप धरणाऱ्या जाळीदार छोट्या कुंड्या) बारा. वीस वॅटच्या, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडी बॅटन चार. गुलाबी-जांभळ्या ‘ग्रो लाइट’च्या मागे लागू नका, पांढऱ्या उजेडात पालेभाजी उत्तम वाढते आणि पानाचा खरा रंग दिसतो, त्यामुळे दुखणं लवकर कळतं.

मत्स्यालयाचा दोन तोंडांचा एअर पंप, दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारे दगड), नळी, आणि नळीत बसणारे दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. अर्ध्या इंचाचे टँक निपल, म्हणजे टाकीच्या भिंतीत बसवून नळी जोडायचे तुकडे. डेझर्ट कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह. वीस लिटरचा कॅन. बॅटरी असलेला डिजिटल टायमर. पीएच पेन, टीडीएस किंवा ईसी मीटर (दोन्ही पाण्यात विरघळलेले क्षार किती ते सांगतात), आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा.

क्रेट, पाइप, निपल यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, इलेक्ट्रॉनिक्ससाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. खतं मात्र ‘हायड्रोपोनिक किट’ म्हणून महाग घेण्याची गरज नाही. द्राक्ष-डाळिंबवाले ठिबकमधून जी विद्राव्य खतं सोडतात, तीच कृषी सेवा केंद्रातून आणायची.

मांडणी

१. क्रेट निळे-लाल असतात, त्यातून उजेड आत जातो आणि आठवड्याभरात हिरवं शेवाळ धरतं. बाहेरून मल्चिंग पेपर गुंडाळा, काळी बाजू आत, चंदेरी बाहेर. चंदेरी बाजू उजेडही परतवते.

२. तळापासून तीन सेंमीवर, सपाट जागा बघून, दोन्ही क्रेटना भोक पाडा. निपल आणि रबरी वॉशर लावून अर्ध्या इंची नळीने क्रेट एकमेकांना जोडा म्हणजे पाण्याची पातळी सारखी राहील. मात्र या नळीतून खत फारसं मिसळत नाही, त्यामुळे खत घालताना दोन्ही क्रेटमध्ये निम्मं-निम्मं घालायचं.

३. एका क्रेटला काठाच्या दोन-अडीच सेंमी खाली आणखी एक भोक पाडून त्याची नळी बादलीत सोडा. हा सांडवा. फ्लोट अडकला तर पाणी फरशीवर न जाता बादलीत जाईल.

४. सनबोर्डमध्ये प्रत्येक क्रेटसाठी सहा भोकं, तीन-तीनच्या दोन ओळी, मध्ये सुमारे १८ ते २० सेंमी. भोकाचा व्यास नेटपॉटच्या काठाखालच्या भागाइतका असावा. मोठं झालं तर पॉट आत पडतो. आधी तुकड्यावर पाडून बघा.

५. साधं पाणी भरून एक रात्र तसंच ठेवा. निपलखाली टिश्यू पेपर अंथरा. सकाळी ओला दिसला तर वॉशर बदला. ही रात्र वाचवायला जाल तर खालच्या फ्लॅटच्या छतावर डाग पडेल.

उजेड

चारही बॅटन समांतर, पानांपासून १५ ते २० सेंमी उंचीवर, साखळीने टांगा म्हणजे रोप वाढेल तशा वर घेता येतील. मोबाइलच्या लक्स मीटरवर पानाच्या पातळीला १२ ते १४ हजार लक्सच्या आसपास आकडा यावा. मोबाइलचं माप ढोबळ असतं, तरी आठ हजार आणि बारा हजारांतला फरक कळतो. रोपं लांबट, लवलवीत, पडेल अशी झाली तर उजेड कमी आहे, खत नव्हे.

फक्त लेट्यूस असेल तर १६ तास. कोथिंबीर किंवा पालक असेल तर १२-१३ तासच, कारण लांब दिवस मिळाला की ही पिकं पानं सोडून फुलावर जातात. अंधार सगळ्यांनाच हवा. रात्रभर दिवे ठेवून वाढ दुप्पट होत नाही. चौदा तास चालवलं तर महिन्याला साधारण ३४ युनिट वीज लागते, एअर पंपाचे तीन-चार युनिट वेगळे.

टायमर घेताना बॅटरीचा डिजिटलच घ्या. गोल फिरणारा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो. आठवड्यात तीनदा तासभर वीज गेली तर त्याची वेळ तीन तासांनी सरकते. वाय-फायचा स्मार्ट प्लग चालेल, पण वीज आल्यावर त्याला वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते. राउटर बंद पडला असेल तर त्या दिवशी दिवेही लागत नाहीत.

हवा

एअर पंप चोवीस तास चालू. त्याला टायमर नको. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वीज गेली की पाणी नळीतून उलटं वर चढून पंपात शिरतं, आणि पंप जळण्याचं हे एक नेहमीचं कारण. घरात इन्व्हर्टर असेल तर पंप त्या पॉइंटवर घ्या. पाचेक वॅटचा भार त्याला जाणवत नाही. दिवे इन्व्हर्टरवर नकोत.

पाण्याची पातळी

फ्लोट व्हॉल्व्ह अशा उंचीवर बसवा की क्रेटमध्ये १४ सेंमी पाणी झालं की तो बंद होईल. वीस लिटरचा कॅन त्याच्यापेक्षा किमान फूटभर उंच ठेवा आणि झाकणाला बारीक भोक पाडा, नाहीतर कॅनमध्ये हवा शिरत नाही आणि पाणी येणं थांबतं.

सुरुवातीला मात्र पाणी हाताने १८ सेंमीपर्यंत भरायचं, म्हणजे नेटपॉटचा तळ जेमतेम भिजेल. रोपं पाणी पिऊ लागली की पातळी हळूहळू १४ वर येते, मुळं तिच्या मागोमाग खाली जातात आणि वरचा चार सेंमी भाग हवेत राहतो. ही हवेतली मुळंच वीज नसताना रोपाला तारतात. पातळी सतत काठोकाठ ठेवली तर ती तयार होत नाहीत.

सोसायटीच्या नळाला फ्लोट थेट जोडू नका. वाळूचा एक कण अडकला तर नळ रात्रभर वाहतो. कॅनला जोडलेला फ्लोट अडकला तर फार तर वीस लिटर पाणी येईल, आणि त्यातलं जास्तीचं सांडव्यातून बादलीत जाईल.

पाणी कोणतं

पुण्यात याचं उत्तर सोसायटीगणिक बदलतं. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी बहुधा मऊ असतं, रात्रभर उघडं ठेवून थेट वापरता येतं. बोअरवेल आणि टँकरचं पाणी जड असतं, आणि अनेक सोसायट्यांच्या टाकीत तिन्ही मिसळतात. म्हणून प्रत्येक वेळी भरण्याआधी मोजा. ईसी ०.४ (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) च्या आत असेल तर बिनधास्त वापरा. ०.६ च्या वर गेला तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. आरओ मशिनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी नको. सगळे क्षार त्यातच असतात. टीडीएस मीटर असेल तर त्याचा आकडा ५०० ने भागून ईसी काढा. ७०० पीपीएम म्हणजे १.४. काही मीटर ७०० चा गुणक वापरतात, मीटरसोबतचा कागद वाचून घ्या.

खत

१९:१९:१९ घरात असतंच, म्हणून तेच वापरायचा मोह होतो. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात. स्वच्छ पाण्यात ते काम फार हळू होतं. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. त्याऐवजी दोन बाटल्या बनवा, प्रत्येकी एक लिटर.

बाटली अ: कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, ईडीटीए लोह (१२ टक्के) २ ग्रॅम.

बाटली ब: पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:००:४५, ४० ग्रॅम. मोनो पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे ००:५२:३४, २० ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम. चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण १ ग्रॅम. बोरॉन २० टक्के ०.१५ ग्रॅम.

पाऊण लिटर आरओच्या पाण्यात एकेक करून विरघळवा, मग लिटर पुरा करा. या दोन बाटल्या एकमेकींत कधीही ओतू नका. दाट द्रावणात कॅल्शियम सल्फेट आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ होतो, तो परत विरघळत नाही आणि रोपाला मिळत नाही. टाकीतल्या पाण्यात आधी अ घालून ढवळायचं, मग ब.

रोप लहान असताना दर लिटर पाण्याला दोन्ही पाच-पाच मिली. सत्तर लिटरला ३५०-३५० मिली. दहा-बारा दिवसांनी सात-आठ मिलीच्या प्रमाणापर्यंत न्या, ईसी १.२ ते १.५ च्या दरम्यान येईल. लेट्यूस, कोथिंबीर, बेसिल यात खूश असतात. फक्त पालक असेल तर १.८ पर्यंत चालतं. एक हिशेब लक्षात ठेवा: दर लिटरला दोन्ही एकेक मिली वाढवलं की ईसी साधारण ०.१६ ने वाढतो. सत्तर लिटरमध्ये ०.२ वाढवायचा तर दोन्ही ८५ मिली.

पावसाळ्यात कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून पाझरतं, मग वजन चुकतं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. नायट्रेटची खतं गॅस, रॉकेल यांच्याजवळ नकोत, आणि बाटल्यांवर नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर.

पीएच ५.८ ते ६.२ मध्ये ठेवा. कमी करायला फॉस्फरिक ॲसिड, एक भाग ॲसिड नऊ भाग पाण्यात. नेहमी पाण्यात ॲसिड, उलट नाही, हातमोजे आणि चष्मा घालून. सत्तर लिटरला एका वेळी पाच मिली हे पातळ ॲसिड, ढवळा, पंधरा मिनिटांनी मोजा, मगच पुढचं. लिंबूसत्त्वाने पीएच उतरतो, पण दोन दिवसांत पुन्हा चढतो, कारण जिवाणू ते खाऊन टाकतात.

रोपं

लेट्यूसचं बी ओल्या स्पंजच्या तुकड्यावर ठेवा, पुरू नका. त्याला उगवायला उजेड आवडतो. दोन-चार दिवसांत उगवतं. खोली तीस अंशांच्या वर असेल तर ते रुसून बसतं. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन करा, रात्रभर भिजवा, एका पॉटमध्ये आठ-दहा पाकळ्या. उगवायला आठ ते बारा दिवस. दोन खरी पानं आली आणि मूळ स्पंजखाली दिसलं की पॉट झाकणात बसवा. रिकामी भोकं झाकून टाका, शेवाळासाठी आणि डासांसाठीही. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी अळ्या तपासायला येतात. कॅनच्या भोकावरही जाळी हवी.

ऋतू पाळा. लेट्यूस, पालक, कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये क्रेटमधलं पाणी २८ अंशांच्या पुढे गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो (२० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात) आणि मूळकूज धरते. त्या दिवसांत बेसिल, पुदिना, माठ घ्या. दिवे संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत चालवा म्हणजे दुपारच्या उकाड्यात त्यांच्या उष्णतेची भर पडत नाही.

आता सेन्सर

हे सगळं महिनाभर सुरळीत चाललं की ईएसपी ३२ बोर्ड आणा, म्हणजे सेन्सर वाचून वाय-फायवरून संदेश पाठवणारा छोटा सर्किट बोर्ड. पहिल्या टप्प्यात दोनच सेन्सर: पाण्याच्या तापमानासाठी डीएस१८बी२० आणि कॅनच्या तळाशी फ्लोट स्विच. डीएस१८बी२० च्या डेटा वायर आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रोध लावा, नाहीतर उणे १२७ अंश असा आकडा येतो. पुढे ॲनालॉग सेन्सर लावाल तेव्हा ३२ ते ३९ क्रमांकांच्याच पिन वापरा. वाय-फाय चालू असताना एडीसी २ च्या, म्हणजे ॲनालॉग पिनांच्या दुसऱ्या गटातल्या, पिन वाचता येत नाहीत. बोर्डाला वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं.

टेलिग्रामवर तीन संदेश पुरेत. पाणी २८ अंशांवर गेलं. कॅन रिकामा होत आला. आणि रोज सकाळी आठला ‘सगळं ठीक’. तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण बोर्ड बंद पडला तर तो बिघडल्याचा संदेश पाठवू शकत नाही. सकाळचा संदेश आला नाही, की शेजारच्या काकूंना फोन करायचा.

एअर पंप रिलेवर (बोर्डाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) घ्यायचाच असेल तर एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या टोकावर घ्या. बोर्ड मेला तरी पंप चालू राहतो. २३० व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळाली की जोडणी तोडणारा सुरक्षा स्विच). प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत नेण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल.

पीएचचा प्रोब कायम टाकीत सोडू नका. त्याचा आकडा हळूहळू सरकत जातो, तो महिन्यातून दोनदा ४.०० आणि ६.८६ पीएचच्या बफरमध्ये (पीएच ठरलेल्या द्रावणात) जुळवावा लागतो, आणि कोरडा पडला की संपला. वापर झाला की तीन मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. ईसी आणि पीएचचे प्रोब एकाच वेळी पाण्यात असले तर एकमेकांचे आकडे बिघडवतात.

आठवड्याचं काम आणि बिघाड

रविवारी दहा मिनिटं. ईसी, पीएच, तापमान वहीत लिहा. कॅनमध्ये साधं पाणी असताना ईसी आठवड्यात थोडा उतरणं अपेक्षित आहे. वरच्या हिशेबाने अ आणि ब घालून तो भरून काढा. उतरला नाही, उलट चढला, तर रोपं खतापेक्षा पाणी जास्त पीत आहेत: द्रावण त्यांना दाट होतंय, पातळ करा. उन्हाळ्यात हे हमखास होतं.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोह मिळत नाही, आणि बहुतेक वेळा लोह कमी नसतं तर पीएच सातकडे गेलेला असतो. जुनी, खालची पानं पिवळी: नत्र कमी. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर कॅल्शियम वाढवू नका. टाकीत ते असतं, पण हवा साचलेली असली की आतल्या पानांतून पाणी उडत नाही आणि कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. संगणकाचा १२ व्होल्टचा छोटा पंखा पानांवरून वारा खेळवेल असा लावा, दिव्यांच्या वेळातच चालू राहील असा. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची: पाणी तापलंय किंवा हवा बंद पडलीय. ते रोप काढून टाका, पाणी पूर्ण बदला, एअर स्टोन घासा.

दर तीन-चार आठवड्यांनी सगळं द्रावण बदला. जुनं पाणी बाल्कनीतल्या कुंड्यांना निम्मं साधं पाणी मिसळून घाला. लेट्यूस लागवडीपासून तीस-पस्तीस दिवसांत काढणीला येतं; बाहेरची पानं खुडत गेलात तर आणखी दोन-तीन आठवडे देतं. पीक संपलं की क्रेट, नळ्या, नेटपॉट ब्लीचच्या पातळ पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, दोनदा धुऊन एक दिवस उन्हात वाळवा, आणि फ्लोट व्हॉल्व्ह उघडून त्याच्या तोंडाशी साचलेला पांढरा थर काढल्याशिवाय पुढचं पाणी भरू नका.